अडसर

मी साक्षीदार क्रमांक तीन.
आइला लान्टो, वय एकसष्ट, धंदा मासळीची जाळी विणण्याचा.
शपथ घेताना हात गार होता, आवाज बरा निघाला.

खटला बर्फाचा आहे.
म्हणजे एल्वार केम्पाइनेनचा.
तळ्यावरच्या हिवाळी रस्त्याची राखण त्याच्याकडे,
पालिकेच्या कागदावर त्याची सही.
दोन्ही काठांना एकेक लाल-पिवळा अडसर,
बर्फ पातळ झाला की आडवा टाकायचा, एवढंच काम.
एप्रिलातल्या त्या मंगळवारी तो टाकला नाही.

सरकारी वकील पोरगेला, दाढी नुकतीच राखलेली.
म्हणतो, हातांनी केला तोच गुन्हा, हे अर्धंच खरं.
ज्याच्यावर भार होता त्याने हात खिशात ठेवले
तर तेही हातांनी केलेलंच.
बचावाची बाई म्हणते, त्याच्या मनात काय होतं ते बघा.
मारायचं होतं? नाही.
मेला तर मेला, असं होतं? नाही.
मग?
एल्वार खाली मान घालून:
"मुलीला ताप होता.
आणि आदल्या दिवशी मोजला होता मी. बेचाळीस सेंटिमीटर."

आदल्या दिवशी.
न्यायाधीश बाईंनी हे लिहून घेतलं,
पेनाची कुरकुर मला ऐकू आली.

मनाला अशा पायऱ्या असतात हे मला ठाऊक नव्हतं.
वर हेतू, लख्ख उजेडात.
त्याखाली, होईल हे कळत असून होऊ देणं.
आणि पार तळाशी, ओलसर, शेवाळलेलं,
लक्षातच न येणं.
एल्वारला कुठे उभं करायचं यावर दोन तास बोलले.
रूनो कुठल्याच पायरीवर नव्हता.
त्याच्या गाडीत मागच्या सीटवर
टोमॅटोची रोपं होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

अडसर आडवा असता तर थांबला असता का तो?
त्याचा भाऊ म्हणाला, "रूनो? बाजूने घातली असती गाडी."
कुणीतरी हसलं, मग खोकल्यासारखं केलं.
शंका उरली तर ती आरोपीची, असं बचावाची बाई म्हणाली.
उरायला हवी पण, न्यायाधीश म्हणाल्या,
नुसती आलेली चालत नाही.

मग मी.
"अडसर आडवा होता की उभा?"
"उभा."
"किती वाजता?"
"सातला दहा कमी."
"आभारी आहे."

एवढंच.
विचारलं नाही कुणी, आइला, तू तिथे काय करत होतीस.
मी स्लेज ढकलत पलीकडून येत होते
आणि पायाखाली बर्फ बोलला,
जाड कापड टरकावं तसा, लांबवर.
काठाला लागले. घरी आले. कॉफी टाकली.
फोन भिंतीवर, एल्वारचा नंबर पाठ.
म्हटलं, त्याला माहीत असेलच.
दुसरा कप घेतला.

जेवणाच्या सुट्टीत वकिलाला गाठून सगळं सांगितलं.
पावाला लोणी लावता लावता तो मायेने म्हणाला,
"तुमच्यावर भार नव्हता, बाई.
शेजारी असणं म्हणजे कर्तव्य नव्हे.
कायद्यात लिहिलं नाही त्याची शिक्षा नाही."
चांगला नियम आहे.
नाहीतर गावात कोण उरलं असतं बाहेर?

एल्वारला दंड झाला, साठ दिवसांच्या कमाईचा.
त्याच्या चुकीला आकडा मिळाला.
हप्ते भरेल, एक दिवस फिटेल,
पावती येईल टपालाने.

नोव्हेंबरात तळं पुन्हा धरलं.
मी दुकानातून बर्फाचा गिरमिट आणला, हाताने फिरवायचा.
रोज सातला दहा कमी असताना भोक पाडते,
पट्टी घालते, घरी येते, फोन फिरवते.
"माहीत आहे, आइला," एल्वार म्हणतो,
"मीही आत्ताच मोजला."

मी तरी आकडा सांगते.